लहान देश आणि परक्यांच्या बाजारपेठा : मॉरिशसच्या व्यापार करारांच्या अभ्यासाची प्रस्तावना

दोन किंवा अधिक देशांनी परस्परांच्या मालावरील आयात शुल्क आणि अन्य निर्बंध बहुतांशी काढून टाकण्याचे लेखी वचन दिले, परंतु बाकीच्या जगाशी आपापले शुल्क कसे ठेवावे याचे स्वातंत्र्य प्रत्येकाने स्वतःकडे राखले, म्हणजे त्या व्यवस्थेला मुक्त व्यापार करार म्हणतात. आणि बाहेरच्यांसाठी सर्व सदस्यांचे शुल्क एकच असेल, तर ती व्यवस्था सीमाशुल्क संघ ठरते. या करारांवरचे बहुतेक लेखन मोठ्या देशांना डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. अमेरिकेने किंवा युरोपीय संघाने शुल्क कमी केले, तर कोणत्या उद्योगातील रोजगार घटतो आणि कोणत्या ग्राहकाला स्वस्त माल मिळतो, हा त्या लेखनाचा मुख्य प्रश्न असतो. लहान देशाच्या बाबतीत हाच प्रश्न विचारला, तर मिळणारे उत्तर अपुरे राहते, कारण लहान देशाच्या अर्थव्यवस्थेवर त्याने स्वतः केलेल्या करारांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम इतरांनी आपापसात केलेल्या करारांचा होत असतो.

अर्थशास्त्रात ‘लहान देश’ ही संज्ञा क्षेत्रफळावरून किंवा लोकसंख्येवरून ठरत नाही. ज्या देशाच्या खरेदी-विक्रीमुळे जागतिक बाजारातील भाव हलत नाहीत, आणि म्हणून जो मिळेल तो भाव स्वीकारतो, तो लहान देश होय. पाठ्यपुस्तकातील सिद्धांत अशा देशाला एक सरळ सल्ला देतो : आयात शुल्काचा भार परदेशी विक्रेत्यावर ढकलणे तुम्हाला शक्य नाही, तो तुमच्याच ग्राहकाला आणि उत्पादकाला सोसावा लागतो, तेव्हा दुसऱ्याच्या वचनाची वाट न पाहता स्वतःचे शुल्क स्वतःच काढून टाका. हा सल्ला त्याच्या मर्यादेत बरोबर आहे. तरीही जगातील लहान देश गेली पन्नास वर्षे करारांसाठी धडपडत आले आहेत, त्यासाठी वाटाघाटींचे मोठे पथक पोसत आले आहेत आणि कधीकधी मोठ्या भागीदाराच्या जाचक अटीही मान्य करत आले आहेत. सिद्धांताने अनावश्यक ठरवलेली ही धडपड ते का करतात, आणि तिच्यातून त्यांच्या पदरात नेमके काय पडते, या दोन प्रश्नांचा शोध हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय असून त्यासाठी मॉरिशस या देशाचा स्वातंत्र्यापासूनचा अनुभव आधारास घेतला आहे.

हिंदी महासागरातील हे बेट रॉड्रिग्ज आणि इतर लहान बेटांसह सुमारे २,०४० चौरस किलोमीटरचे, म्हणजे गोव्याहूनही लहान, आणि त्याची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख आहे. खनिज तेल नाही, कोळसा नाही, लोखंड नाही; जवळची मोठी बाजारपेठही नाही. डच, फ्रेंच आणि १८१० नंतर ब्रिटिश अशा क्रमाने आलेल्या सत्तांनी येथे ऊस रुजवला, आणि गुलामगिरी संपुष्टात येत असताना १८३४ पासून ब्रिटिशांनी त्या उसासाठी हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर आणले. त्यांत बिहारी आणि तमिळ मजुरांबरोबर मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील माणसेही होती. त्यांचे वंशज आज तेथील मराठी भाषिक समाज म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थी ही त्या देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. मराठी वाचकाला या देशाविषयी आपुलकी वाटण्याचे हे एक कारण असले, तरी अभ्यासासाठी त्याची निवड करण्याचे कारण वेगळे आहे. व्यापारी सवलतीचे जवळजवळ सर्व प्रकार मॉरिशसने उपभोगले आहेत, त्यांतील कित्येक गमावले आहेत, आणि ते गमावल्यानंतरही तो देश कोसळला नाही. लाभ आणि हानी या दोहोंचा इतका पूर्ण लेखाजोखा फार थोड्या देशांच्या बाबतीत मांडता येतो.

या विषयाच्या वैचारिक इतिहासाचाही एक धागा मॉरिशसमधूनच जातो. कॅनेडियन अर्थशास्त्रज्ञ जेकब व्हायनर यांनी १९५० मध्ये दोन संकल्पना मांडल्या, ज्यांच्याशिवाय आजही कोणत्याही व्यापार कराराचे मूल्यमापन होत नाही. करारामुळे महाग देशी माल मागे पडून भागीदाराचा स्वस्त माल येऊ लागला, तर ती व्यापारनिर्मिती. परंतु भागीदाराच्या मालाला शुल्कमाफी मिळाली म्हणून जगातील सर्वांत स्वस्त विक्रेत्याला डावलून तुलनेने महाग भागीदाराकडून खरेदी होऊ लागली, तर ते व्यापारवळण. पहिल्याने देशाचे कल्याण वाढते, दुसऱ्याने घटू शकते, कारण सरकार शुल्काचे उत्पन्न गमावते आणि माल मात्र खऱ्या अर्थाने स्वस्त झालेला नसतो. जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये हा विचार पुढे नेला आणि सीमाशुल्क संघांचे मूल्यमापन परिस्थितीप्रमाणे करावे लागते, सरसकट निवाडा देता येत नाही, हे दाखवले. पुढे नोबेल पुरस्कार मिळवणाऱ्या याच मीड यांच्या नेतृत्वाखालील समितीने मॉरिशसच्या अर्थव्यवस्थेची पाहणी केली आणि तिचा अहवाल १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हिवतापाच्या निर्मूलनानंतर झपाट्याने वाढणारी लोकसंख्या, एकाच पिकावरचे अवलंबन आणि भिन्न वंशांच्या समाजांत विभागलेली मालमत्ता व रोजगार पाहून मीड यांना या बेटाचे भवितव्य निराशाजनक वाटले. त्यांची ही भीती अनाठायी नव्हती. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा निर्यातीतील नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा साखरेचा होता. तरीही ते भाकीत खोटे ठरले, आणि ते खोटे का ठरले या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत आजवर वाद चालू आहे. अरविंद सुब्रमणियन आणि देवेश रॉय यांनी २००१ मधील आपल्या निबंधात या वादातील निरनिराळी स्पष्टीकरणे तपासली आणि असे दाखवले की आयातीची दारे बराच काळ बंद ठेवूनही मॉरिशसने निर्यातीची वाट मोकळी केली होती. म्हणजे पाठ्यपुस्तकी मुक्त व्यापाराचा तो नमुना नव्हताच.

ही वाट प्रथम साखरेने मोकळी केली. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात गेल्यावर राष्ट्रकुलातील साखर उत्पादकांना त्याने दिलेल्या जुन्या हमीचे काय करायचे, असा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून समुदायाने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक प्रदेशांतील देशांशी केलेल्या १९७५ च्या लोमे या सवलतीच्या कराराला साखरेविषयीचा एक स्वतंत्र जोडकरार जोडण्यात आला. त्या प्रदेशांतील उत्पादक देशांकडून समुदायाने दरवर्षी सुमारे १३ लाख टन साखर युरोपातील देशांतर्गत भावाने घ्यावी, असे त्यात ठरले आणि त्यातील एक तृतीयांशाहून अधिक, म्हणजे सुमारे पाच लाख टनांचा, वाटा एकट्या मॉरिशसला मिळाला. भारतालाही या व्यवस्थेत स्थान होते, पण ते केवळ १०,००० टनांचे. वाटाघाटींच्या काळात जागतिक बाजारात साखरेचे भाव विलक्षण चढलेले होते, आणि त्या तेजीत दीर्घ मुदतीच्या बांधील पुरवठ्याचे आकर्षण कोणालाही कमीच वाटावे. मॉरिशसने मात्र मोठा वाटा आणि स्थिर भाव यांची बाजू घेतली. तेजी लवकरच ओसरली, आणि त्यानंतरची बहुतेक वर्षे युरोपीय भाव जागतिक भावाच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून वर राहिला.

या भावफरकातून मिळणाऱ्या उत्पन्नाला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. उत्पादनाच्या खर्चावर मिळणाऱ्या रास्त मोबदल्याहून अधिक, केवळ एका विशिष्ट स्थानामुळे किंवा परवान्यामुळे हाती येणारा पैसा, असा त्याचा अर्थ. खंडाची सवय देशाला आळशी करते, सत्ताधाऱ्यांना उधळे करते आणि तो मिळवून देणाऱ्या एका धंद्याभोवती सगळे राजकारण गोळा करते, हा तेलसमृद्ध देशांचा अनुभव आहे. मॉरिशसमध्ये तसे सर्वस्वी घडले नाही, याचे श्रेय करारापेक्षा देशातील व्यवस्थेला द्यावे लागते. साखरेच्या निर्यातीवर शुल्क होते, ते मोठ्या बागायतदारांवर अधिक आणि लहान शेतकऱ्यांवर कमी किंवा शून्य अशा चढत्या दराने आकारले जाई आणि १९९४ पर्यंत ते चालू राहिले. बागायती आणि साखर कारखाने मुख्यतः फ्रेंच वंशाच्या कुटुंबांकडे आणि राजकीय बहुमत भारतीय वंशाच्या मतदारांकडे, अशी विभागणी असलेल्या समाजात हे शुल्क म्हणजे एक अलिखित तडजोड होती : मालमत्ता जप्त होणार नाही, पण तिच्या उत्पन्नातील मोठा हिस्सा सार्वजनिक कामांसाठी द्यावा लागेल. १९७७ पासून मोफत झालेले माध्यमिक शिक्षण, मोफत आरोग्यसेवा, तांदूळ आणि पिठावरील अनुदान आणि सर्वांसाठीचे वृद्धापकाळ निवृत्तिवेतन यांच्यामागे साखरेच्या पैशाचे बळ होते. शिवाय निर्यात शुल्कानंतरही उरलेल्या नफ्यातून याच साखर कुटुंबांनी हॉटेले आणि कापड कारखाने उभारले. निर्यातीच्या आकड्यांत ही दुसरी पायरी दिसत नाही, म्हणून व्यापार कराराचा परिणाम मोजताना पुष्कळ अभ्यासकांच्या नजरेतून ती निसटते.

कापड उद्योगाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे आणि लहान देशाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. १९७० मध्ये मॉरिशसने निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा केला. अशा क्षेत्रातील कारखान्याला कच्चा माल आणि यंत्रे शुल्काशिवाय आयात करता येतात, करांत सूट मिळते, आणि तयार माल त्याने परदेशी विकावा अशी अपेक्षा असते. मॉरिशसमध्ये हे क्षेत्र कुंपणाने बंदिस्त नव्हते. बेटावर कोठेही असलेल्या कारखान्याला तो दर्जा मिळू शकत असे. त्यामुळे देशांतर्गत उद्योगांना उंच शुल्काच्या भिंतीआड ठेवून त्याच वेळी निर्यातदारांना मुक्त व्यापाराची हवा देणे सरकारला साधले. पण कारखाने आले ते केवळ या सवलतींसाठी आले नाहीत. १९७४ पासून जागतिक कापड व्यापारावर बहुधागा कराराचा अंमल होता. त्याखाली श्रीमंत देश हाँगकाँग, दक्षिण कोरिया यांसारख्या मोठ्या निर्यातदारांवर देशवार कोटे घालत. हाँगकाँगच्या उद्योजकांचे कोटे संपले, तेव्हा ज्या देशाला युरोपात कोटा नाही आणि शुल्कही नाही अशा जागेचा शोध त्यांनी सुरू केला आणि लोमे करारामुळे मॉरिशस त्या वर्णनात बसत होता. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी देशात प्रत्येक पाच कामकऱ्यांमागे जवळजवळ एक बेकार होता; त्याच दशकाच्या अखेरीस बेकारी जवळपास नाहीशी झाली, आणि या क्षेत्रातील रोजगार पुढे सुमारे ९०,००० पर्यंत चढला. कामकऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. त्यांचे वेतन कमी, जादा तासांची सक्ती अधिक आणि नोकरीची हमी अन्य क्षेत्रांहून दुबळी होती, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की उसाच्या शेतातील हंगामी मजुरीखेरीज ज्यांच्यापुढे दुसरा पर्याय नव्हता अशा हजारो घरांत पहिल्यांदा महिन्याचा पगार आला. या दोन विधानांपैकी एकाच्या आधारे दुसरे पुसून टाकण्याचा मोह या विषयावरील लेखनात वारंवार दिसतो. तो टाळण्याचा प्रयत्न या ग्रंथात केला आहे.

येथेच ‘मूळ देशाचे नियम’ या संज्ञेची ओळख करून देणे अवश्य आहे, कारण कराराचे खरे बळ किंवा दुबळेपण बहुधा त्यात दडलेले असते. शुल्कमाफी फक्त भागीदार देशात तयार झालेल्या मालाला मिळते. मग माल तेथे ‘तयार’ झाला असे केव्हा म्हणायचे, हे ठरवणारे नियम म्हणजे मूळ देशाचे नियम. युरोपचा नियम दुहेरी प्रक्रियेचा होता : आयात केलेल्या कापडातून नुसते शिवणकाम करून भागत नसे, सुतापासून कापड आणि कापडापासून कपडा या दोन्ही पायऱ्या सवलतीस पात्र देशात व्हाव्या लागत. ही अट विणलेल्या स्वेटरच्या बाबतीत सहज पुरी होते, कारण त्यात आयात केलेल्या लोकरीच्या सुतापासून थेट कपड्याचे भाग विणले जातात. म्हणून ज्या उष्ण बेटावर लोकरीसाठी मेंढी पाळली जात नाही आणि स्वेटर क्वचितच लागतो, ते बेट लोकरी विणकामाच्या कपड्यांचे जगातील एक प्रमुख निर्यातदार बनले. देश काय बनवील हे त्याच्या नैसर्गिक अनुकूलतेपेक्षा परक्या देशाच्या सीमाशुल्क नियमपुस्तिकेने ठरवावे, याचे इतके स्पष्ट उदाहरण शोधूनही क्वचितच सापडेल. अमेरिकेने २००० मध्ये आफ्रिकी देशांसाठी केलेल्या ‘अगोआ’ या सवलतीच्या कायद्याने हाच धडा उलट बाजूने दिला. गरीब आफ्रिकी देशांना कोठल्याही देशाचे कापड वापरून कपडे पाठवण्याची मुभा त्यात होती. मॉरिशस तुलनेने सुस्थितीत असल्यामुळे त्याला अमेरिकी किंवा आफ्रिकी कापड वापरण्याची अट लागू झाली, आणि इतरांसारखी मुभा २००८ मध्ये मिळेपर्यंत त्याची गैरसोय होत राहिली. देशाची प्रगती झाली म्हणून त्याची सवलत आकुंचित व्हावी, हे न्यायाला धरून असेलही. पण ज्या कामगाराचा कारखाना त्यामुळे बंद पडतो, तो काही त्या सरासरी उत्पन्नाएवढा सुस्थितीत नसतो.

मॉरिशसची ही दोन्ही आर्थिक अधिष्ठाने पाच वर्षांच्या आत डळमळीत झाली, आणि दोन्ही वेळी निर्णय इतरत्र घेतले गेले. जागतिक व्यापार संघटनेच्या स्थापनेबरोबर ठरल्याप्रमाणे कापडाचे कोटे १ जानेवारी २००५ पासून संपले. कोट्यांच्या जोखडातून चीन आणि भारत मोकळे होताच मॉरिशसला मिळणारे सापेक्ष संरक्षणही संपले. त्याच्या स्वतःच्या करारातला एक शब्दही बदलला नव्हता. या घटनेला अर्थशास्त्रात प्राधान्याची झीज म्हणतात : सवलत कागदावर जशीच्या तशी राहते, पण तीच सवलत इतरांनाही मिळाल्यामुळे किंवा इतरांवरचे निर्बंध उठल्यामुळे तिचे मूल्य घटते. हाँगकाँगचे भांडवल जसे आले तसे निघून गेले, आणि निर्यात क्षेत्रातील हजारो नोकऱ्या गेल्या. दुसरीकडे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर अनुदानांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली होती; २००५ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला. त्यानंतरच्या सुधारणांत युरोपने साखरेचा भाव २००६ ते २००९ या काळात ३६ टक्क्यांनी खाली आणला आणि साखरेचा जोडकरारच २००९ मध्ये संपुष्टात आणला. या जोडकराराला मुदतीची मर्यादा नव्हती. लहान देशाला दिलेले बेमुदत वचनसुद्धा देणाऱ्याच्या अंतर्गत राजकारणावर आणि तिसऱ्याच देशाच्या दाव्यावर अवलंबून असते, ही गोष्ट त्या वेळी राजधानी पोर्ट लुई येथील धोरणकर्त्यांना नव्याने शिकावी लागली नाही; ती वेळ येणार हे त्यांनी ओळखले होते, आणि म्हणूनच ते सावरू शकले.

सावरण्याची रीत महाराष्ट्रातील साखर धंदा जाणणाऱ्या वाचकाला विशेष उद्बोधक वाटेल. कारखान्यांची संख्या सरकारने आणि उद्योगाने मिळून ठरवून कमी केली. या शतकाच्या आरंभी दहाहून अधिक असलेले कारखाने आता तीन उरले आहेत. पूर्वी कच्ची साखर ब्रिटनच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे जात असे. २००९ पासून ती देशातच शुद्ध करून पांढरी साखर म्हणून विकण्यात येऊ लागली, आणि तिच्या जोडीला डेमेरारा व मस्कोवाडो यांसारख्या विशेष तपकिरी साखरेला अधिक भाव देणारे ग्राहक शोधण्यात आले. बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालणारे सहवीजनिर्मिती प्रकल्प देशाच्या विजेचा एक महत्त्वाचा भाग पुरवतात, गाळप हंगाम संपला की त्याच बाष्पकांत कोळसा जळतो, आणि मळीपासून आसवनी चालतात. युरोपीय संघाने पुनर्रचनेसाठी आर्थिक साहाय्य दिले, ज्यावर या देशाला आधीच तयार ठेवलेल्या योजनेमुळे परिणामकारक हक्क सांगता आला. कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची योजना देण्यात आली, तिच्यात रोख रकमेबरोबर घरासाठी जमिनीचा तुकडा होता. कागदावर हे संक्रमण आदर्श ठरावे असे आहे, आणि आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अहवालांत ते तसे वर्णिलेही जाते.

परंतु त्याची दुसरी बाजू लहान शेतकऱ्याची आहे, आणि तिच्याकडे या ग्रंथाने मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे. एक-दोन एकरांचा ऊस करणाऱ्या हजारो कुटुंबांना वीजनिर्मितीतील किंवा शुद्धीकरणातील मूल्यवाढीचा पुरेसा वाटा मिळाला नाही. जवळचा कारखाना बंद झाल्याने वाहतूक लांबली, तोडणीची मजुरी वाढली आणि भाव घसरले. त्यांनी ऊस सोडला. लागवडीखालील क्षेत्र सातत्याने घटत गेले, पडीक शेतांचे प्रमाण वाढले, आणि एके काळी सहा लाख टनांच्या आसपास असणारे साखर उत्पादन अलीकडे त्याच्या निम्म्याच्याही खाली उतरले आहे. ज्या बेटाला आपल्या अन्नाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आयात करावा लागतो, तेथे पडीक पडलेली सुपीक जमीन हा चिंतेचा विषय आहे. ती जमीन भाजीपाल्याकडे वळण्याऐवजी बऱ्याच ठिकाणी बंगल्यांकडे आणि गोल्फ मैदानांकडे वळली. कापड कारखान्यांतून कमी केलेल्या चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांचे प्रकरणही असेच आहे. हॉटेल, बँक आणि माहिती तंत्रज्ञान या नव्या क्षेत्रांनी त्यांच्या मुलींना नोकऱ्या दिल्या, पण त्यांना नाही. आणि त्याच वेळी उरलेल्या कापड कारखान्यांत बांगलादेश, मादागास्कर, भारत येथून आणलेले कामगार वाढत गेले. देशाचा सरासरी लाभ आणि विशिष्ट माणसांचे नुकसान ही एकाच कराराची दोन्ही फळे असतात, आणि सरासरीच्या आकड्याने दुसऱ्याची भरपाई आपोआप होत नाही.

शुल्क कमी होण्याचा सरकारी तिजोरीवर होणारा परिणाम हा लहान देशांच्या बाबतीत नेहमी पुढे येणारा प्रश्न. बंदरावर कर वसूल करणे सोपे असते, म्हणून विकसनशील बेटांचे सरकार आयात शुल्कावर मोठ्या प्रमाणात विसंबून असते. मॉरिशसने १९९८ मध्ये मूल्यवर्धित कर आणला, महसुलाचा पाया आयातीवरून एकंदर उपभोगाकडे सरकवला आणि पुढच्या दशकात बहुतांश वस्तूंवरील शुल्क शून्यावर आणले. क्रम महत्त्वाचा आहे : पर्यायी कर आधी, शुल्ककपात नंतर. हा क्रम उलटा केला, तर अर्थसंकल्पात खड्डे पडण्याचा धोका असतो.

शुल्क सर्वांसाठीच शून्य झाल्यावर व्हायनर यांना वाटणारी व्यापारवळणाची भीती आयातीच्या बाजूने जवळजवळ संपते, कारण कोणाला डावलण्यासाठी शुल्काचा फरकच उरत नाही. पण मग वाटाघाटीच्या टेबलावर देण्यासारखे काय उरते? मॉरिशसच्या अलीकडच्या करारांचे उत्तर असे की वस्तूंची बाजारपेठ देऊ करण्याऐवजी हा देश आपले स्थान, आपली न्यायव्यवस्था आणि आपले सेवाक्षेत्र देऊ करतो. चीनशी १७ ऑक्टोबर २०१९ रोजी झालेला आणि १ जानेवारी २०२१ पासून अमलात आलेला करार हा चीनचा कोणत्याही आफ्रिकी देशाशी झालेला पहिला मुक्त व्यापार करार होता. साडेबारा लाख ग्राहकांची बाजारपेठ चीनसारख्या देशाला आर्थिकदृष्ट्या क्षुल्लक आहे; त्याचा डोळा आफ्रिकेतील गुंतवणुकीसाठी विश्वासार्ह कायदेशीर तळ मिळण्यावर आहे. भारताने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी मॉरिशसशी केलेला आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेला सर्वसमावेशक आर्थिक सहकार्य आणि भागीदारी करार हाही भारताचा आफ्रिकी देशाशी झालेला असा पहिलाच करार. त्यात भारताच्या ३१० प्रकारच्या वस्तूंना मॉरिशसमध्ये, तर मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना भारतात सवलत आहे; विशेष साखर, गोठवलेले मासे, बिस्किटे, मद्य आणि तयार कपडे त्यांत येतात. संख्येने दुप्पट वस्तू म्हणजे दुप्पट लाभ असा अर्थ मात्र होत नाही, कारण वस्तूंच्या यादीपेक्षा उत्पादनक्षमता महत्त्वाची आणि कपडे किंवा साखर यांसारख्या संवेदनशील वस्तूंवर परिमाणाची मर्यादाही असते. भारतीय उत्पादकाला यातून धोका संभवत नाही. देशाचा आकार पाहता तसे मानणे अतिशयोक्ती ठरेल. प्रश्न असा आहे की मॉरिशसचा निर्यातदार ही सवलत वापरण्याइतका मोठा माल, भारतीय मानकांची पूर्तता आणि नियमित जहाजवाहतूक यांची जुळणी करू शकतो काय. कराराचा वापर किती होतो हा आकडा करार झाल्याच्या बातमीइतका कधीच गाजत नाही, आणि या विषयातील बरीचशी भाबडी आशा त्यामुळे टिकून राहते.

यावरून करार निरुपयोगी असतात, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. एकतर्फी सवलत आणि परस्परांवर बंधनकारक करार यांतला भेद मॉरिशसच्या अनुभवाने ठळक केला आहे. ‘अगोआ’ हा अमेरिकेचा स्वतःचा कायदा होता. तो देण्याचा, आवळण्याचा आणि मुदत वाढवण्याचा अधिकार तिच्याकडेच होता. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने मॉरिशसच्या मालावर ४० टक्के शुल्क जाहीर केले, ते नंतर १५ टक्क्यांवर आणले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ‘अगोआ’ची मुदत संपली; या सर्व काळात मॉरिशसकडे दाद मागण्यासाठी करारातील एकही कलम नव्हते. उलट युरोपशी २००९ मध्ये ग्राँ बे येथे सही झालेला आणि २०१२ पासून अमलात आलेला अंतरिम आर्थिक भागीदारी करार परस्परबंधनकारक आहे. त्याच्यासाठी मॉरिशसलाही युरोपीय मालावरचे शुल्क काढावे लागले, पण बदल्यात मिळालेला प्रवेश कोणाच्या वार्षिक मर्जीवर टांगलेला राहिला नाही. सिद्धांताने अनावश्यक ठरवलेल्या धडपडीचे स्पष्टीकरण येथे मिळते. लहान देश कराराकडे जातो तो मुख्यतः स्वस्त आयातीसाठी जात नाही, ती त्याला एकतर्फीही मिळवता येते. तो भविष्याविषयीची हमी विकत घेण्यासाठी जातो, आणि तिची किंमत तो आपल्या धोरणस्वातंत्र्याच्या रूपाने मोजतो. ही किंमत वाजवी आहे की नाही, हे त्याच्या अंतर्गत तयारीवर ठरते. आणि मॉरिशसच्या बाबतीत ती एकंदरीत वाजवी ठरली, असे या ग्रंथाचे मत आहे. त्याच करारांखाली असलेल्या, त्याच साखरेच्या हमीचे वाटेकरी असलेल्या इतर कित्येक देशांना हमीच्या काळात मिळालेला पैसा शिक्षणात आणि नव्या उद्योगांत वळवता आला नाही, हे त्या मताचे मुख्य प्रमाण.

ग्रंथाची मांडणी कालक्रमाने न करता सवलतींच्या प्रकारांनुसार केली आहे, त्यामुळे काही घटनांचा उल्लेख एकाहून अधिक प्रकरणांत येईल. भारत-मॉरिशस यांच्यातील १९८२ चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आणि त्यात २०१६ मध्ये झालेली दुरुस्ती यांचा विचार व्यापार करारांच्या चौकटीत अंशतःच बसतो. तरी भांडवलाच्या प्रवाहावरील सवलतही साखरेच्या हमीप्रमाणेच खंड निर्माण करते आणि तशीच काढून घेतली जाऊ शकते, एवढ्या संबंधापुरता तो केला आहे.

भारताने गेल्या काही वर्षांत संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया, युरोपीय मुक्त व्यापार संघटनेतील चार देश आणि ब्रिटन यांच्याशी करार केले आहेत, आणि महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारापासून पुण्याच्या वाहन उद्योगापर्यंत अनेकांचे हितसंबंध त्यांत गुंतले आहेत. अशा कराराची बातमी वाचनात आली की मराठी वाचकाने सह्यांच्या समारंभापाशी न थांबता त्याची परिशिष्टे मिळवून वाचावीत : कोणत्या वस्तूवरचे शुल्क किती वर्षांत उतरते, मूळ देशाचा नियम काय आहे, संकटकाळी संरक्षणाचे कलम आहे काय, आणि ज्यांचा धंदा त्यामुळे जाईल त्यांच्यासाठी सरकारने आधी काय तरतूद केली आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर परिशिष्टात सापडणार नाही. ते आपल्या लोकप्रतिनिधींकडे मागावे लागेल, आणि सही होण्यापूर्वी मागावे लागेल.